अकिलीसची आधुनिक कादंबरी मूळ महाकाव्यासोबत कशी वाचावी

ग्रीक पुराणकथांवर बेतलेल्या नव्या कादंबऱ्या आपल्याकडे आवडीने वाचल्या जातात आणि त्यांच्यावर मनापासून लिहिलेही जाते. त्या लेखनात मात्र एक चूक वारंवार दिसते. वाचक आधी कादंबरी संपवतो, मग ‘इलियड’ हे होमरचे ट्रॉयच्या युद्धावरील प्राचीन ग्रीक महाकाव्य घाईने चाळतो आणि दोनपैकी एक निकाल देऊन मोकळा होतो. ‘मुळात असे काही नव्हते, लेखिकेने प्रेमकथा घुसवली’ हा एक निकाल आणि ‘होमरने दडवलेले सत्य आज उघड झाले’ हा दुसरा. दोन्ही निकाल वाचनाच्या चुकीच्या क्रमातून येतात. प्रेम आणि पराक्रम या दोन गोष्टी महाकाव्यात कोठे एकमेकींना चिकटलेल्या आहेत आणि कोठे सुटलेल्या, हे ज्याने ओळींवर बोट ठेवून पाहिलेले नाही, त्याला नव्या लेखकाने काय हलवले हे ओळखता येत नाही.

पुढील पद्धत ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा अकिलीस आणि त्याचा जिवलग सोबती पॅट्रोक्लस यांच्या कथेसाठी लिहिली आहे, कारण त्या कथेत हे दोन धागे सर्वांत घट्ट विणलेले आहेत. रोज तासभर दिल्यास साधारण महिन्याभरात हे काम नीट होते.

पूर्वतयारी

१. आधीची समजूत कागदावर उतरवा. पुस्तक उघडण्यापूर्वी अकिलीसविषयी आपल्याला काय माहीत आहे आणि ते कोठून कळले, हे दहा-बारा वाक्यांत लिहून काढावे. बहुतेकांच्या यादीत टाचेवरचा बाण आणि लाकडी घोडा असतो, आणि २००४ सालचा ‘ट्रॉय’ हा चित्रपट पाहिलेल्यांच्या यादीत ब्रायसीस ही ट्रॉयची पुजारीण असते. यांपैकी एकही गोष्ट ‘इलियड’मध्ये नाही. अकिलीसची आई थेटिस हिने बाळाला स्टिक्स नदीत बुडवल्याची कथा आपल्यापर्यंत प्रथम पोहोचते ती इ. स. पहिल्या शतकातील स्टेशियस या रोमन कवीकडून. घोड्याचा उल्लेख ‘ओडिसी’ या होमरच्या दुसऱ्या महाकाव्यात येतो आणि त्याचे विस्तृत वर्णन व्हर्जिलच्या ‘इनीड’च्या दुसऱ्या सर्गात आहे. अकिलीसचा मृत्यूदेखील ‘इलियड’मध्ये घडत नाही. तो जवळ आला आहे एवढेच वारंवार सांगितले जाते आणि काव्य ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यविधीपाशी थांबते.

२. अनुवाद विचारपूर्वक निवडा. ओळी तपासायच्या असल्यामुळे ओळींचे क्रमांक मूळ ग्रीक संहितेशी जुळणारा अनुवाद घ्यावा. रिचमंड लॅटिमोर यांचा १९५१ सालचा इंग्रजी अनुवाद यासाठी सोयीचा आहे. एमिली विल्सन यांचा २०२३ सालचा अनुवाद अधिक प्रवाही आहे आणि सलग वाचनासाठी मी तोच सुचवीन. पैसे खर्च करायचे नसतील तर टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ या संकेतस्थळावर ग्रीक संहिता आणि जुना इंग्रजी अनुवाद मोफत वाचता येतो. सॅम्युएल बटलर यांचा १८९८ सालचा गद्य अनुवादही सहज मिळतो, पण त्यात देवांची नावे रोमन आहेत. झ्यूसच्या जागी जोव्ह आणि अथीनाच्या जागी मिनर्व्हा वाचताना नवखा वाचक गोंधळतो.

३. नावांची एक पट्टी तयार करा. होमर एकाच व्यक्तीला अनेक नावांनी हाक मारतो. ‘पेलियसचा पुत्र’ म्हणजे अकिलीस आणि ‘मेनिटियसचा पुत्र’ म्हणजे पॅट्रोक्लस. कौंतेय आणि राधेय या नावांवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही. ग्रीकांनाही अकियन, आर्गिव्ह आणि डॅनाअन अशी तीन नावे आहेत. या तीन वेगळ्या सेना आहेत, असे समजून वाचणारे मी पाहिले आहेत. पट्टी करून ती पुस्तकात खुणेसारखी ठेवावी.

४. वहीत चार रकाने आखा: सर्ग व ओळ, प्रसंग, प्रेमाविषयी काय, पराक्रमाविषयी काय. शेवटचे दोन रकाने एकाच वेळी भरले जातील त्या ओळींसमोर ठळक खूण करावी. पुढचे बरेचसे काम त्या खुणांवर उभे राहणार आहे.

सावधान: पुस्तकाच्या मलपृष्ठावरील मजकूर आणि लेखकाच्या मुलाखती या टप्प्यावर वाचू नयेत. त्या वाचल्या की शोधण्याआधीच उत्तर हाती येते आणि डोळे तेवढेच पाहू लागतात.

टप्पा १: कादंबरी कोणत्या मुळांवर उभी आहे ते ठरवा

‘मूळ कथा’ असा एकवचनी शब्द वापरण्याचे टाळावे. प्राचीन ग्रीकांकडेही एका कथेची अनेक रूपे होती. क्रीटची राजकन्या एरिअॅड्नी ‘ओडिसी’च्या ११ व्या सर्गात दिआ बेटावर आर्टेमिस देवीच्या हातून मरते, तर हेसिअडच्या ‘थिऑगनी’त डायोनायसस हा देव तिला पत्नी करतो आणि झ्यूस तिला अमरत्व देतो. युरिपिडीसच्या इ. स. पू. ४१२ मधील नाटकात जिच्यासाठी युद्ध झाले ती हेलन ट्रॉयला गेलेलीच नाही. ती इजिप्तमध्ये होती आणि दहा वर्षांचे युद्ध एका आभासी प्रतिमेसाठी लढले गेले. तेव्हा कादंबरीची फक्त होमरशी तुलना करून ‘हा बदल आधुनिक’ असे म्हणणे धोक्याचे असते.

अकिलीस आणि पॅट्रोक्लस यांच्या नात्याविषयी प्राचीन काळीच वाद होता. होमर त्यांना कोठेही प्रेमिक म्हणत नाही. नवव्या सर्गाच्या अखेरीस (९.६६३ ते ६६८) दोघेही एकाच तंबूत, पण आपापल्या शय्येवर एकेका स्त्रीसोबत झोपलेले आहेत. इ. स. पू. पाचव्या शतकात एस्किलसने ‘मिर्मिडन्स’ या आज केवळ तुकड्यांत उरलेल्या नाटकात मात्र त्यांचे नाते उघडपणे शरीरप्रेमाचे दाखवले. पुढे प्लेटोच्या ‘सिम्पोजियम’मध्ये फीड्रस एस्किलसला दोष देतो, पण तो प्रेम नाकारत नाही. त्याचा आक्षेप एवढाच की एस्किलसने अकिलीसला ज्येष्ठ प्रियकर ठरवले, हे चूक आहे, कारण अकिलीस दोघांत लहान आणि देखणा होता. वयाविषयी फीड्रसला होमरचा आधार आहे, कारण पॅट्रोक्लस वयाने मोठा असल्याचे ११ व्या सर्गात (११.७८७) स्पष्ट सांगितले आहे.

पडताळा: या टप्प्याच्या शेवटी वहीत तीन ओळी असाव्यात. होमर काय म्हणतो, एस्किलस काय म्हणतो आणि प्लेटोचे पात्र काय म्हणते. या तिन्ही ओळी हाताशी असल्या की सुरुवातीला उल्लेखलेल्या दोन निकालांपैकी एकही देता येत नाही.

टप्पा २: महाकाव्यातील निवडक सर्ग ठरलेल्या क्रमाने वाचा

‘इलियड’ २४ सर्गांचे आणि सुमारे १५,७०० ओळींचे आहे. सगळे वाचले तर उत्तमच. वेळ कमी असेल तर १, ६, ९, ११ चा उत्तरार्ध, १६, १८, १९, २१ चा पूर्वार्ध, २२, २३ आणि २४ हे सर्ग याच क्रमाने वाचावेत. थेट १६ व्या सर्गावर उडी मारण्याची चूक फार जण करतात. नवव्या सर्गात अकिलीसने कीर्तीविषयी काय म्हटले ते ठाऊक नसताना पॅट्रोक्लसचा मृत्यू वाचला, तर तो एका मित्राच्या वियोगाची कथा एवढाच उरतो.

पहिल्या सर्गात भांडण पेटते ते मानाच्या वाट्यावरून. ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन अकिलीसला लुटीत मिळालेल्या ब्रायसीसला नेतो तेव्हा अकिलीस चिडतो तो सैन्यासमोर झालेल्या अपमानामुळे. ब्रायसीस मात्र ‘मनाविरुद्ध’ निघते (१.३४८), आणि या एका शब्दाशी थोडे थांबावे, कारण पुढे अनेक लेखकांनी त्यावर मजले चढवले आहेत.

सहाव्या सर्गातील हेक्टर आणि आंद्रोमाकी यांची भेट वगळू नये. या पती-पत्नीचा अकिलीसच्या प्रेमाशी थेट संबंध नाही, म्हणून ती वगळली जाते. पण प्रेम आणि पराक्रम यांच्यात निवड करायला सांगणारा सर्वांत स्पष्ट संवाद याच ठिकाणी आहे. अकिलीसनेच आंद्रोमाकीचे वडील आणि सात भाऊ मारले आहेत. ती हेक्टरला म्हणते की तूच माझा पिता, माता, भाऊ आणि पती आहेस, तेव्हा तटावरच थांब. हेक्टर थांबत नाही, कारण त्याला ट्रॉयच्या स्त्री-पुरुषांची लाज वाटते. महाकाव्याचे मोजमाप या प्रसंगात मिळते आणि अकिलीसला त्याच मापाने मोजायचे आहे.

नवव्या सर्गात तीन जण अकिलीसला परत लढायला बोलावतात आणि तो नकार देतो. दोन ओळसंच लिहून घ्यावेत. ९.३४१ ते ३४३ मध्ये तो म्हणतो की ब्रायसीस भाल्याने जिंकलेली असली तरी मी तिच्यावर मनापासून प्रेम करीत होतो. ९.४१० ते ४१६ मध्ये तो दोन नशिबे सांगतो: येथे राहून लढलो तर परत जाणे नाही पण अक्षय कीर्ती आहे, आणि घरी गेलो तर कीर्ती नाही पण दीर्घायुष्य आहे. या क्षणी त्याचा कल घराकडे आहे. जगातला सर्वांत मोठा योद्धा कीर्तीचा सौदा तोट्याचा आहे असे म्हणतो आणि हे म्हणणारा तो कोणी आधुनिक कादंबरीकार नसून होमर आहे, हे लक्षात ठेवावे.

१६ व्या सर्गाच्या आरंभीचे अकिलीसचे भाषण दोनदा वाचावे. तो पॅट्रोक्लसला आपले चिलखत देतो, पण बजावतो की शत्रूला जहाजांपासून हाकलून लगेच परत ये, माझ्याविना पुढे लढलास तर माझा मान कमी होईल. त्याच भाषणाच्या शेवटी (१६.९७ ते १००) तो इच्छितो की सगळे ट्रोजन आणि सगळे ग्रीकही मरोत आणि फक्त आपण दोघांनी ट्रॉयचा मुकुट उतरवावा. मत्सरी मान आणि इतर सर्वांना वगळणारी माया पंधरा-वीस ओळींच्या अंतरात एकाच तोंडून येतात. चौथ्या टप्प्यात कादंबरी तपासाल तेव्हा या भाषणाचे काय झाले हे सर्वांत आधी पाहावे, असे माझे मत आहे.

१८ व्या सर्गात पॅट्रोक्लस हेक्टरच्या हातून मारला गेल्याची बातमी येते. अकिलीस डोक्यावर राख ओततो आणि तो स्वतःचा गळा चिरील या भीतीने बातमी आणणारा ग्रीक योद्धा अँटिलोकस त्याचे हात धरून ठेवतो. थेटिस सांगते की हेक्टरनंतर लगेच तुझा मृत्यू आहे. तो म्हणतो की मग आताच मरू दे, कारण माझा सोबती मरत असताना मी त्याच्या उपयोगी पडलो नाही. नवव्या सर्गात कीर्तीसाठी जी किंमत देण्यास तो तयार नव्हता, ती आता पॅट्रोक्लससाठी देतो. तरीही सुमारे पंचवीस ओळींनंतर (१८.१२१) तो ‘आता मला चांगली कीर्ती मिळवू दे’ असे म्हणतोच. पराक्रमाचा त्याग करून प्रेम स्वीकारणारा अकिलीस होमरकडे नाही. प्रेमाच्या पोटी तो पुन्हा पराक्रमाकडे वळतो.

आणि ते वळणे भयंकर आहे. २१ व्या सर्गात ट्रॉयचा निःशस्त्र राजपुत्र लायकेऑन त्याचे गुडघे धरतो, तेव्हा अकिलीस त्याला सांगतो की पॅट्रोक्लस मरण्यापूर्वी मी शत्रूंना जीवदान देत असे, आता कोणालाही नाही. याच सर्गात तो १२ ट्रोजन तरुण जिवंत पकडतो आणि २३ व्या सर्गात पॅट्रोक्लसच्या चितेवर त्यांचा बळी देतो. प्रेमकथा म्हणून ‘इलियड’ वाचणारे हे प्रसंग भरभर उलटतात. तसे करू नये.

सावधान: १९ व्या सर्गातील दोन जागा एकत्र वाचाव्यात. १९.५९ ते ६० मध्ये अकिलीस म्हणतो की ब्रायसीस पकडली गेली त्याच दिवशी जहाजांपाशी मेली असती तर बरे झाले असते. ही तीच स्त्री जिच्यावर नवव्या सर्गात ‘मनापासून’ प्रेम होते. मग १९.२८२ पासून ब्रायसीस स्वतः बोलते आणि पॅट्रोक्लसच्या देहावर विलाप करते. अकिलीसने तिचा पती मारला होता, तिचे तीन भाऊही त्याच दिवशी मेले होते, आणि तेव्हा पॅट्रोक्लसने तिला रडू दिले नव्हते, तुला अकिलीसची पत्नी करीन असे म्हटले होते. काव्यात ती एवढ्याच वेळी बोलते.

पडताळा: २४ वा सर्ग संपल्यावर वही बंद करून एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. हेक्टरचा पिता राजा प्रायम आणि अकिलीस एकत्र रडतात तेव्हा कोण कोणासाठी रडतो? प्रायम हेक्टरसाठी आणि अकिलीस आधी आपल्या वडिलांसाठी व मग पुन्हा पॅट्रोक्लससाठी, हे उत्तर न अडखळता आले तर पुढे जावे. नाही आले तर २४.५०७ पासून पुन्हा वाचावे.

टप्पा ३: चार शब्द समजून घ्या

हे काम थोडक्यात उरकते, पण वगळता येत नाही. ‘क्लेऑस’ म्हणजे लोक ज्याविषयी ऐकतात आणि गातात ती कीर्ती. ‘टिमे’ म्हणजे समाजाने दिलेला मान आणि ‘गेरास’ म्हणजे तो मान डोळ्यांना दिसावा म्हणून लुटीतून मिळालेला खास वाटा. ब्रायसीस हा अकिलीसचा ‘गेरास’ आहे, ही गोष्ट ध्यानात राहिली की पहिला सर्ग वेगळा वाचला जातो. ‘फिलॉस’ म्हणजे प्रिय आणि आपला. होमर तोच शब्द माणसाच्या स्वतःच्या अवयवांसाठीही वापरतो.

‘हीरो’ या शब्दाचा आजचा अर्थ मात्र येथे आणू नये. होमरच्या काव्यात तो योद्ध्यांना सर्रास लावला जातो आणि ‘ओडिसी’त आंधळा गायक डेमोडोकसही ‘हिरॉस’ आहे. त्या शब्दात सद्गुणांची हमी नाही. म्हणून ‘असा क्रूर माणूस नायक कसा?’ हा आक्षेप होमरवर घेता येत नाही. कादंबरीकाराने आजचा अर्थ स्वीकारला असेल तर तो त्याच्यावर घेता येतो.

टप्पा ४: आता कादंबरी वाचा, आणि दोनदा वाचा

पहिले वाचन सलग, पेन्सिल न धरता करावे. कादंबरी ही कादंबरी म्हणून मनाला भिडते की नाही, हे कळण्याचा हक्क तिलाही आहे. दुसऱ्या वाचनात मात्र प्रत्येक बदल पुढील चारपैकी एका खणात टाकावा.

राखलेले: प्रसंग जवळपास तसाच आहे. हलवलेले: प्रसंग आहे, पण दुसऱ्या जागी, दुसऱ्या वयात किंवा दुसऱ्याच्या तोंडी. भरलेले: महाकाव्य जेथे गप्प आहे तेथे नवे लिहिले आहे. गाळलेले: जे होते ते नाही.

मॅडलिन मिलर यांची २०११ सालची ‘द साँग ऑफ अकिलीस’ ही कादंबरी उदाहरणादाखल घेऊ. ती पॅट्रोक्लसच्या तोंडून सांगितली आहे आणि तिचा पॅट्रोक्लस युद्धात न रमणारा, जखमींवर उपचार करणारा आहे. ही निव्वळ कल्पना आहे असे अनेक टिपणांत लिहिलेले आढळते. ११ व्या सर्गाच्या शेवटी पॅट्रोक्लस जखमी युरिपायलसच्या मांडीतला बाण कापून काढतो आणि औषधी मूळ चोळतो. ही विद्या त्याने अकिलीसकडून आणि अकिलीसने आपला गुरू कायरॉन याच्याकडून घेतली आहे. म्हणजे उपचार करणारा पॅट्रोक्लस होमरमध्ये आहे. पण १६ व्या सर्गात तीन चढायांत प्रत्येकी नऊ माणसे मारणारा पॅट्रोक्लसही होमरमध्येच आहे. लेखिकेने एका ओळीला मोठे केले आणि दुसरीला लहान. हा बदल ‘हलवलेले’ या खणात जातो, आणि तो कशासाठी केला याचे उत्तर सोपे आहे: प्रेम करणारा हात आणि मारणारा हात वेगळे व्हावेत म्हणून. होमरने ते वेगळे केलेले नाहीत.

पॅट बार्कर यांच्या २०१८ सालच्या ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’मध्ये मुख्य आवाज ब्रायसीसचा आहे. येथे बहुतेक मजकूर ‘भरलेले’ या खणात जाईल. पण ‘ब्रायसीसला प्रथमच आवाज मिळाला’ असे वाक्य लिहू नये. १९ व्या सर्गातील विलाप आपण वाचला आहेच. शिवाय रोमन कवी ओव्हिडने ‘हेरॉइडीस’मधील तिसरे पत्र तिच्याच नावे लिहिले आहे आणि त्यात ती अकिलीसला विचारते की मला परत मागायला एवढा उशीर का केलास.

सावधान: अभिमन्यूच्या मृत्यूनंतर अर्जुनाने जयद्रथवधाची केलेली प्रतिज्ञा किंवा कर्ण आणि दुर्योधनाची मैत्री या टप्प्यावर आठवणारच. ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावी आणि पुढचा टप्पा संपेपर्यंत उघडू नये. तुलना लवकर केली की अकिलीस आपल्या नकळत कर्ण होतो, आणि मग त्याची नरबळी देणारी बाजू दिसेनाशी होते. ‘मृत्युंजय’ वाचलेल्या वाचकाला हा मोह अधिक होतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

टप्पा ५: तीन प्रश्नांनी तपासा

पहिला प्रश्न: प्रेमाची किंमत कोणी मोजली? महाकाव्यात अकिलीसच्या दुःखाची किंमत लायकेऑन, ते १२ तरुण आणि हेक्टरचा देह मोजतात. कादंबरीत हे प्रसंग ‘गाळलेले’ या खणात असतील तर प्रेम तेथे स्वस्त झाले आहे, आणि तसे स्पष्ट लिहावे.

दुसरा प्रश्न: पराक्रमाला खलनायक केले आहे का? अनेक पुनर्कथनांत कीर्तीची हाव हा रोग आणि प्रेम हे औषध असते. ही मांडणी चुकीची नाही, पण ती लेखकाची आहे. होमरची मांडणी वाचायची असेल तर १६.९७ च्या भाषणाकडे आणि १८.१२१ कडे परत जावे. ‘ओडिसी’च्या ११ व्या सर्गात मृत अकिलीस म्हणतो की मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या भूमिहीनाकडे मजुरी करीन. या वाक्यानंतर लगेच तो आपला मुलगा युद्धात पुढे होता का हे विचारतो आणि होता हे ऐकून आनंदाने लांब ढांगा टाकीत निघून जातो. फक्त पहिले वाक्य उद्धृत करणाऱ्या लेखांवर विश्वास ठेवू नये.

तिसरा प्रश्न: शेवट कोठे केला आहे? २३ व्या सर्गात पॅट्रोक्लसचे भूत मागणी करते की आपल्या दोघांच्या अस्थी एकत्र ठेवाव्यात. होमर मात्र त्यापुढे २४ वा सर्ग लिहितो आणि शेवटची ओळ शत्रूला, हेक्टरला देतो. कादंबरी दोघांच्या मीलनावर संपत असेल तर तिने शोकाला एका जोडप्यापुरते मर्यादित केले आहे का, हे पाहावे.

पडताळा: प्रत्येक उत्तरासमोर महाकाव्याची किमान एक ओळ आणि कादंबरीचे किमान एक पान नोंदलेले असावे. जेथे एकच बाजू आहे ते उत्तर खोडावे.

टप्पा ६: टिपण लिहा

कथासार देऊ नये. सुरुवात एका बदलापासून करावी, चौथ्या टप्प्यातील सर्वांत मोठ्या बदलापासून, आणि तो का केला असावा याचा शोध घ्यावा. ‘मुळाशी प्रामाणिक’ आणि ‘धाडसी’ ही दोन विशेषणे टाळावीत, कारण ती लिहिली की पुरावा द्यावासा वाटत नाही. शेवटच्या पानावर अडकवून ठेवलेली महाभारताची तुलना आता उघडावी आणि तिच्यात एक फरक अवश्य नोंदवावा: अर्जुनाच्या प्रतिज्ञेत अपयश आले तर मरण आहे, अकिलीसला यश आले तरी मरण आहे.

टिपण पूर्ण झाल्यावर १९.३०१ आणि ३०२ या दोन ओळी पुन्हा काढाव्यात. ब्रायसीसचा विलाप संपतो, आणि भोवतालच्या बंदिवान स्त्रिया हुंदके देतात. होमर सांगतो की त्या वरकरणी पॅट्रोक्लससाठी रडत होत्या, पण प्रत्येक जण आपापल्या दुःखासाठी. आपण वाचलेल्या कादंबरीत या स्त्रियांना नावे आहेत का ते पाहून टिपणाच्या खाली नोंदवावे.